वजन उतरण्याचा वेग मंदावतो तेव्हा: काय मोजावे, काय तपासावे आणि काय बदलावे

आहारावर नियंत्रण आणि नियमित व्यायाम सुरू केल्यावर पहिले दोन-तीन महिने वजन डोळ्यांना दिसेल असे उतरते, आणि मग दिनक्रमात काहीही बदललेले नसताना काट्यावरचा आकडा हलेनासा होतो. या टप्प्यावर बरीच माणसे एक तर जेवण आणखी निम्मे करतात किंवा सगळेच सोडून देतात. दोन्हींमुळे महिनोन्‌महिन्यांच्या कष्टांवर पाणी पडते, आणि ते पाहताना वाईट वाटते, कारण वेग मंदावणे ही बहुतेक वेळा उपाय लागू पडल्याचीच खूण असते. हलके झालेले शरीर कमी इंधनावर चालते, त्यामुळे सुरुवातीला मांडलेला हिशेब त्याला लागू पडत नाही. पुढील पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्याव्यात. आधी मोजायचे, मग हिशेब नव्याने मांडायचा, मग गळती (नकळत पोटात जाणाऱ्या कॅलरी) शोधायची, आणि एवढे झाल्यावरच आहारात किंवा व्यायामात बदल करायचा. मोजण्याआधीच बदल केला, तर तो उपयोगी पडला की नाही हे कधीच कळत नाही.

वेग का मंदावतो

पहिल्या पंधरवड्यातील घट बरीचशी पाण्याची असते. यकृत आणि स्नायू मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा साठवलेला प्रकार) साठवतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे कमी होताच हा साठा आटतो आणि त्याबरोबरचे पाणीही निघून जाते. त्यामुळे दीड-दोन किलो वजन चरबी फारशी न घटताच उतरते. पुढे तोच वेग टिकेल अशी अपेक्षा मनात घर करते आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती मोडते. या काळात वाटणारी निराशा बऱ्याच अंशी या चुकीच्या तुलनेतून आलेली असते.

त्यानंतर खरा मंदावा सुरू होतो. लहान शरीराला विश्रांतीतही कमी ऊर्जा लागते, तेच अंतर चालायला कमी ऊर्जा लागते, आणि अन्न कमी झाल्याने ते पचवण्यावर होणारा खर्चही घटतो. याखेरीज शरीर आणखी थोडी काटकसर करते. रुडॉल्फ लायबेल, मायकेल रोझेनबाम आणि ज्यूल्स हर्श यांनी १९९५ साली दाखवून दिले की, वजन १० टक्के कमी करून तेथेच राखलेल्या व्यक्तींचा ऊर्जाखर्च त्यांच्या नव्या शरीररचनेवरून अपेक्षित असलेल्या खर्चाहूनही कमी होता. याचा अर्थ चयापचय बंद पडले असा मात्र होत नाही. अँसल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांवर अर्धउपासमारीचा जो प्रयोग केला, त्यात त्यांच्या विश्रांतीतील ऊर्जाखर्चात मोठी घट झाली, तरीही २४ आठवड्यांत त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने उतरले. शरीर खर्च आवरते घेते, पण खर्च शून्यावर आणू शकत नाही.

भुकेचा भाग याहून मोठा आहे आणि त्याच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडलेल्या अंदाजानुसार, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे दिवसाचा ऊर्जाखर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो, पण खाण्याची ओढ मात्र दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते (येथे सर्वत्र कॅलरी म्हणजे किलोकॅलरी). म्हणजे १० किलो वजन उतरवलेल्या माणसाला पूर्वीचाच आहार टिकवण्यासाठी रोज बराच जास्त निग्रह करावा लागतो. घास थोडा मोठा होतो, एखादी वाटी जास्त भरते, आणि हे सारे नकळत घडते. त्यामुळे ‘मी काहीच बदललेले नाही’ असे सांगणारा माणूस प्रामाणिकपणेच बोलत असतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही, पण तपासायचे काम मात्र टळत नाही.

पहिली पायरी: वजन खरोखर थांबले आहे का ते ठरवणे

रोज सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यानंतर आणि काही खाण्यापिण्यापूर्वी, एकाच काट्यावर, एकाच जागी, शक्यतो सारख्याच कपड्यांत वजन करावे. काटा कडक आणि सपाट फरशीवर ठेवावा, कारण गालिच्यावर तो चुकीचा आकडा दाखवू शकतो. रोजच्या आकड्याकडे पाहून काहीही ठरवू नये. आठवड्याचे सात आकडे मिळवून त्यांची सरासरी काढावी आणि या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. ज्यांना रोज काट्यावर उभे राहिल्याने मनस्ताप होतो, त्यांनी आठवड्यातून तीन ठरावीक दिवस निवडले तरी चालेल.

सरासरीची गरज एवढ्यासाठी की, चरबी तसूभरही न वाढता माणसाचे वजन एका दिवसात एक किलोने, कधी त्याहूनही अधिक, वरखाली होते. खारट जेवणानंतर शरीर पाणी धरून ठेवते. बद्धकोष्ठ झाल्यास आतड्यातील वजन वाढते. नवा किंवा जड व्यायाम सुरू केल्यावर स्नायूंना सूज येऊन त्यांत पाणी साचते, आणि म्हणूनच व्यायाम वाढवलेल्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा उलट वर जाताना दिसतो. नेमक्या याच वेळी अनेकजण व्यायाम सोडून देतात. पाळी येत असलेल्या स्त्रियांमध्ये पाळीच्या आधीच्या दिवसांत पाणी साठते, म्हणून त्यांनी या आठवड्याची तुलना गेल्या आठवड्याशी न करता मागच्या महिन्यातील चक्राच्या त्याच आठवड्याशी करावी.

वजनाबरोबर दर पंधरा दिवसांनी कंबरेचा घेरही मोजावा. उभे राहून, श्वास सहज सोडून, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप आडवी धरावी आणि ती त्वचेत रुतू देऊ नये. काटा स्थिर असूनही घेर कमी होत असेल, तर चरबी घटते आहे आणि तिची जागा पाण्याने किंवा थोड्याफार स्नायूंनी घेतली आहे, असे समजावे. अशा वेळी काहीही बदलू नये.

माझ्या मते, सलग चार आठवडे सरासरीही हलली नाही आणि घेरही घटला नाही, तरच वजन थांबले असे म्हणावे. दहा-बारा दिवसांच्या स्थिर आकड्यांवरून तसा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

दुसरी पायरी: हिशेब नव्याने मांडणे

वजन ८२ किलो असताना आखलेला आहार ७२ किलोच्या शरीराला तितकीच तूट (शरीराच्या खर्चापेक्षा जितक्या कॅलरी कमी खाल्ल्या तो फरक) देऊ शकत नाही. हे उदाहरणाने नीट कळते. विश्रांतीतील ऊर्जाखर्चाचा अंदाज काढण्यासाठी १९९० साली प्रसिद्ध झालेले मिफ्लिन–सेंट जिओर सूत्र वापरले जाते. वजनाच्या किलोंना १० ने गुणावे, उंचीच्या सेंटिमीटरांना ६.२५ ने गुणून त्यात मिळवावे, वयाला ५ ने गुणून वजा करावे, आणि शेवटी पुरुषांसाठी ५ मिळवावेत किंवा स्त्रियांसाठी १६१ वजा करावेत.

वय ४०, उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ८२ किलो असलेल्या स्त्रीसाठी उत्तर १,४५९ येते. बैठे काम आणि थोडा व्यायाम धरून त्याला १.४ ने गुणले की दिवसाचा खर्च सुमारे २,०४० कॅलरी होतो. तिने रोज १,६०० कॅलरी खाल्ल्या तर तूट ४४० ची होते. एक किलो चरबीमागे साधारण ७,७०० कॅलरी धरल्या, तर साडेसतरा दिवसांत एक किलो उतरतो. आता तिचे वजन ७२ किलो झाले आहे. सूत्राने खर्च १,९०० च्या आसपास येतो, आणि वर सांगितलेली शरीराची काटकसर धरली तर तो १,८०० पर्यंत खाली येतो. आहार तोच १,६०० कॅलरींचा असला, तरी तूट २०० वर आली. आता एक किलो उतरायला ३८ दिवस लागतील, म्हणजे आठवड्याला साधारण १८० ग्रॅम. रोजच्या किलोभर चढउताराखाली १८० ग्रॅमची घट पूर्णपणे झाकली जाते. काटा थांबल्यासारखा दिसतो, पण चरबी हळूहळू घटतच असते.

आता यात नकळत वाढलेल्या दीडशे कॅलरी मिळवून पाहा. तूट केवळ ५० उरते आणि एक किलोला पाच महिने लागतात. व्यवहारात यालाच ‘वजन अडकले’ असे म्हणतात.

स्वतःचे आकडे घालून हा हिशेब कागदावर करावा. सूत्राचे उत्तर अंदाजच असते, व्यक्तीगणिक त्यात १० टक्के किंवा त्याहून अधिक फरक पडू शकतो, पण तूट किती आणि का आटली हे समजायला ते पुरेसे आहे. किलोला ७,७०० कॅलरी हा आकडाही थोड्या काळाच्या अंदाजापुरताच वापरावा. ‘रोज ५०० कमी केल्या की वर्षाला २३ किलो’ असले गुणाकार चुकतात, कारण त्यांत शरीराचा खर्च वर्षभर तेवढाच राहील असे गृहीत धरलेले असते.

तिसरी पायरी: गळती शोधणे

चौदा दिवस जे जे तोंडात जाईल ते सगळे लिहून काढावे, आणि या काळात आहार मुद्दाम सुधारू नये. येथे हेतू स्वतःला शिस्त लावण्याचा नाही, वस्तुस्थिती पाहण्याचा आहे. नोंद खाण्यापूर्वी किंवा खाताक्षणी करावी, कारण रात्री आठवून लिहिलेल्या यादीतून नेमके छोटे पदार्थ गळतात. स्वयंपाकघरातील ग्रॅमचा काटा या दोन आठवड्यांपुरता तरी वापरावा. अंदाजाने ओतलेल्या तेलाचा एक मोठा चमचा सुमारे १२० कॅलरींचा असतो, आणि ओतताना दोन चमचे कधी पडले ते कळतही नाही. सुकामेवा, साखर घातलेली पेये, फळांचे रस, मद्य, शिजवताना घेतलेली चव, मुलांच्या ताटात उरलेले चार घास आणि सुटीच्या दिवसाचे जेवण या जागा आधी तपासाव्यात. आठवड्यातील पाच दिवस काटेकोर राहून साठवलेली हजार कॅलरींची तूट शनिवार-रविवारच्या दोन जेवणांत सहज संपते.

या पायरीवर मी भर देतो, कारण तिच्यामागे ठोस पुरावा आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी खाऊनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या १० जणांचा ऊर्जाखर्च प्रत्यक्ष मोजण्यात आला. त्यांचे चयापचय अपेक्षेप्रमाणेच होते, मात्र त्यांनी सांगितलेले खाणे प्रत्यक्षाहून सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि सांगितलेली हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त निघाली. ही माणसे लबाड नव्हती. खाल्लेल्या अन्नाचा अंदाज आपल्या स्मरणशक्तीला नीट करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

चौदा दिवसांच्या नोंदीत गळती सापडली, तर ती बंद करून चार आठवडे थांबावे आणि अन्य कोणताही बदल करू नये. बहुतेकांचे काम येथेच होते.

चौथी पायरी: दिवसभराची हालचाल पाहणे

व्यायामाचा एक तास तसाच राहिला तरी उरलेल्या तेवीस तासांतील हालचाल घटू शकते. कमी खाणारे शरीर आपोआप कमी हलते: माणूस जास्त वेळ बसतो, जिना टाळतो, हातवारे कमी करतो. शिवाय सकाळी कसून व्यायाम केल्यावर दुपारी आडवे होण्याची इच्छा होते आणि कमावलेला खर्च तेथे परत जातो. म्हणून आठवडाभर पावले मोजावीत, आणि डाएट सुरू केले तेव्हाच्या नोंदी असतील तर त्यांच्याशी ताडून पाहाव्यात. पावले घटली असतील तर पूर्वीचा आकडा आधी गाठावा आणि मग दर आठवड्याला रोजची हजार पावले वाढवत न्यावीत. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे हा हा आकडा वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

घड्याळ किंवा ट्रेडमिल जितक्या कॅलरी जळाल्याचे दाखवते, तितके खाण्याची मुभा मिळाली असे मानू नये. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी मनगटावर बांधायच्या सात उपकरणांची तपासणी केली, तेव्हा त्यांतील सर्वांत अचूक उपकरणाचा कॅलरींचा अंदाजही सरासरी २७ टक्क्यांनी चुकला होता.

पाचवी पायरी: एकाच वेळी एकच बदल

मोजून झाले, गळती बंद केली, पावले जागेवर आणली आणि तरीही चार आठवडे सरासरी हलली नाही, तरच आहार किंवा व्यायाम बदलावा. रोज १०० ते २०० कॅलरींची कपात, किंवा तितक्याच खर्चाचे जास्तीचे चालणे, यांपैकी एक निवडावे. पाचशेची उडी घेऊ नये, कारण वाढलेल्या भुकेपुढे ती फार दिवस टिकत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय स्त्रियांनी साधारण १,२०० आणि पुरुषांनी १,५०० कॅलरींच्या खाली उतरू नये. त्याखाली पुरेशी प्रथिने, लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे अन्नातून मिळवणे अवघड होते.

कपात कोठे करायची हे प्रमाणाइतकेच महत्त्वाचे आहे. प्रथिने कमी करू नयेत. मूत्रपिंडाचा विकार नसल्यास शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने ठेवावीत. त्यांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते आणि स्नायू टिकतात. शिवाय प्रथिनांतील २० ते ३० टक्के ऊर्जा ती पचवण्यातच खर्च होते, तर पिष्टमय पदार्थांत हे प्रमाण ५ ते १० टक्के आणि स्निग्ध पदार्थांत जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत असते. भाज्या, डाळी आणि सबंध फळे वाढवून तेल, साखर आणि प्यायल्या जाणाऱ्या कॅलरी घटवल्या, तर ताटातील अन्नाचे आकारमान तेवढेच राहते आणि भूक आवाक्यात राहते.

व्यायामात केवळ चालणे किंवा धावणे असेल, तर आठवड्यातून दोन ते तीन दिवस वजने उचलण्याचा किंवा शरीराच्या भाराने करायचा व्यायाम सुरू करावा. पाय, पाठ, छाती आणि खांदे यांच्या मोठ्या स्नायूंना काम द्यावे, आणि प्रत्येक व्यायामाच्या शेवटच्या दोन-तीन पुनरावृत्ती जड वाटतील इतका भार ठेवून तो दर काही आठवड्यांनी थोडा वाढवावा. यामुळे काटा झपाट्याने खाली येईल, असे वचन मी देणार नाही. मात्र उतरणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा कमी आणि चरबीचा जास्त राहतो, आणि पुढे वजन राखताना त्याचा मोठा उपयोग होतो.

झोपेचा हिशेबही यातच धरावा. शिकागो विद्यापीठाच्या २०१० सालच्या एका छोट्या अभ्यासात १० जणांना सारख्याच कमी आहारावर ठेवून दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपेसाठी दिले गेले. एकूण वजन दोन्ही वेळा जवळपास सारखेच उतरले, पण कमी झोपेच्या काळात चरबीची घट ५५ टक्क्यांनी कमी होती आणि भूकही जास्त होती. रात्री पाच तास झोपणाऱ्या माणसाने आहारातून आणखी शंभर कॅलरी काढण्याआधी तासभर झोप वाढवून पाहावी.

सहावी पायरी: ठरवून घेतलेला विराम

पाच-सहा महिने सलग तूट सहन केली असेल, सतत अन्नाचे विचार येत असतील, चिडचिड आणि थकवा वाढला असेल, तर आणखी कपात हा उपाय नव्हे. अशा वेळी दोन ते चार आठवडे आहार सध्याच्या खर्चाइतका वाढवावा. वरच्या उदाहरणातील स्त्रीने रोज १,८०० कॅलरी घ्याव्यात. व्यायाम, प्रथिने आणि नोंदी चालूच ठेवाव्यात. पहिल्या आठवड्यात अर्धा ते दीड किलो वजन वाढलेले दिसेल. ते ग्लायकोजेन आणि पाण्याचे असते, त्याने घाबरून जाऊ नये.

ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅटाडोर’ अभ्यासात, दोन आठवडे तूट आणि दोन आठवडे विराम असा क्रम पाळणाऱ्या स्थूल पुरुषांचे वजन सलग तूट पाळणाऱ्यांपेक्षा अधिक उतरले होते. नंतरच्या काही अभ्यासांत तसा फरक दिसला नाही. म्हणून विरामाने चरबी वेगाने घटेल या आशेने तो घेऊ नये. मनाला आणि शरीराला उसंत मिळावी, आणि गाठलेले कमी वजन राखण्याचा सराव व्हावा, एवढ्यासाठी तो घ्यावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

काटेकोर नोंदी असूनही दोन-तीन महिने काहीच बदलत नसेल, किंवा वजन वाढत असेल, तर नोंदवही घेऊन डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडची कमतरता, स्त्रियांमधील पीसीओएस (अंडाशय आणि संप्रेरकांशी संबंधित विकार) आणि क्वचित कुशिंग आजार (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होणे) यांची तपासणी तेथे होईल. घेत असलेल्या औषधांची यादीही दाखवावी. इन्सुलिन आणि सल्फोनिलयुरिया गटातील मधुमेहाची औषधे, स्टेरॉइड, ओलान्झापिनसारखी मनोविकारांवरील औषधे, मिर्टाझापिनसारखी नैराश्यावरील काही औषधे आणि फिट्ससाठी दिले जाणारे व्हॅल्प्रोएट यांनी वजन वाढू शकते. कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. अनेकदा पर्याय उपलब्ध असतो आणि तो डॉक्टरच ठरवू शकतात. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे चालू असताना वजन उतरले, तर त्यांची मात्रा कमी करावी लागू शकते, तेव्हा ही भेट लांबवू नये. पाळी बंद होणे, चक्कर येणे, खूप केस गळणे, एकदम भरपूर खाऊन नंतर उलटी काढणे किंवा खाल्ल्याबद्दल तीव्र अपराधी वाटणे, यांपैकी काही घडत असेल तर डाएट त्याच दिवशी थांबवून मदत घ्यावी.

येथेच थांबायचे का, हा प्रश्न

कधी कधी वजन अशा जागी थांबते की आणखी पाच किलो उतरवण्यासाठी लागणारे कष्ट त्या माणसाच्या आयुष्यात बसत नाहीत. तेथे थांबण्याचा निर्णय पूर्णपणे योग्य असू शकतो. अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत, वजन ७ टक्के उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते. ८२ किलोंच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे पावणेसहा किलो. रक्तदाब, रक्तातील साखर, गुडघ्यांचे दुखणे आणि झोप यांत झालेली सुधारणा लिहून काढावी आणि मगच पुढचे ठरवावे.

थांबायचे ठरले, तर सध्याच्या सरासरीच्या वर आणि खाली प्रत्येकी दीड किलोचा पट्टा आखून घ्यावा, वजन आठवड्यातून एकदा तरी करावे आणि व्यायाम तसाच ठेवावा. सरासरी सलग दोन आठवडे पट्ट्याच्या वर राहिली, तर त्याच आठवड्यात ग्रॅमचा काटा आणि नोंदवही पुन्हा बाहेर काढून चौदा दिवसांची नोंद सुरू करावी.